दंडावरचा कापूस

अम्मा, तुझ्या वर्गातली मुलं मला लहानपणी आवडायची नाहीत, हे तुला माहीत होतं. कानांनी न ऐकणाऱ्या त्या मुलांसाठी दिवसभर घसा फोडून तू घरी यायचीस आणि माझ्याशी बोलायला तुझ्यात आवाजच उरायचा नाही. सार उकळेपर्यंत पुन्हा त्यांच्याच गोष्टी. त्यातल्या काहींच्या आयांना पोटुशी असताना जर्मन गोवर झाला होता. दोन दिवस पुरळ, बारीकसा ताप, एवढंच. आई ठणठणीत राहिली, बाळाचे कान गेले.

म्हणून माझं लग्न ठरताच तू साड्यांच्या आधी लशीचा विषय काढलास. लग्नाला चार महिने होते. "आतांच ऊसी टोचून घे. पुढे तीन महिने पोट राहूं नये म्हणतात, तें बरोबर जमतें," असं तू चक्क अप्पांसमोर म्हणालीस. मी लाजेनं मेले आणि चिडून म्हटलं, "मी काय तुझ्या वर्गातली आहे?" तू साराला फोडणी देत म्हणालीस, "तुझ्या पिल्लाला माझ्या वर्गांत बसवूं नको, इतकेंच."

गिंडीच्या ऑफिसातून दुपारच्या सुटीत मी दवाखान्यात गेले, खरंच गेले. बाकावर माझ्या होणाऱ्या सासूबाईंची बहीण बसलेली. मुलीला काहीतरी रोग आहे, ही बातमी संध्याकाळपर्यंत सासरी पोचेल आणि लग्न मोडेल, या धास्तीनं मी दारातूनच फिरले. औषधाच्या दुकानातून कापूस आणि चिकटपट्टी घेतली आणि मांबलम स्टेशनच्या बाकावर बसून दंडाला लावली. घरी आल्यावर तू त्या दंडाला हळूच हात लावलास. "दुखतें की?" मी म्हटलं, थोडं. त्या दिवशी तू मला एक भांडं घासू दिलं नाहीस.

मग मला दिवस गेले. दुसऱ्याच महिन्यात ऑफिसातली शेजारची टायपिस्ट अंगभर पुरळ घेऊन आली. मी तडक वेस्ट मांबलमला, तुझ्याकडे. तेव्हा सांगायला हवं होतं. तू कॉफी गाळत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "अय्यो, तुला कसली भीती? तुझी ऊसी झाली आहे नव्हे?" तू इतकी निश्चिंत होतीस की मी कॉफी पिऊन तशीच घरी परतले. पुढचे सात महिने कसे काढले, ते माझं मला ठाऊक.

लेक महिन्याची झाली तेव्हा तू पाळण्यामागे उभी राहून स्टीलची थाळी फरशीवर टाकलीस. ती दचकली आणि तिनं भोकाड पसरलं. तू हसत सुटलीस. "ऐकतें! माझ्या ऊसीचा गुण!" मी रडले. तुला वाटलं आनंदानं. आनंद होताच गं.

लेकीला मात्र मी वेळेवर लस दिली, मांडीवर घट्ट धरून, सुईवरची नजर न हलवता. आता ती मोठी झाली, तरी पहिल्या हाकेला ओ दिली नाही की मी हातातलं काम टाकून तिच्या मागे जाऊन पुन्हा हाक मारते. तुझी फार आठवण येते तेव्हा.

हे पत्र टाकायचं कुठं? त्या थाळीखालीच ठेवीन. एवढं मात्र सांगते. थाळी पडली तेव्हा मी बाळाकडे पाहिलं नाही, तुझ्या चेहऱ्याकडे पाहत होते. तो उतरला असता, तरी मी खरं बोलणार नव्हते, अम्मा. लसच वाईट निघाली, असं सांगायचं मी ठरवून ठेवलं होतं.