स्वस्तातलं भिंग

दादा, मागच्या आठवड्यात मी कॅमेऱ्याचं भिंग घेतलं. दुकानात त्याला लेन्स म्हणतात, पण तुम्हाला सांगायचं तर भिंगच म्हणते. मुठीत मावेल एवढं आहे, काळं, वजनाला आपल्या बागेतल्या एखाद्या कच्च्या पेरूइतकं, आणि पुढची काच तिरकी धरली की तिच्यावर जांभळट झाक येते. दुकानातल्या भिंगांत सगळ्यात स्वस्त हेच होतं. बघा, अजूनही तुम्हाला काही सांगायचं म्हटलं की मी आधी आकार सांगते, मग वजन, मग रंग. ही सवय तुमचीच.

कॅमेरा माझा नव्हे. तुम्ही ज्याला हातांनीसुद्धा पाहिलं नाहीत, त्या तुमच्या नातवाचा आहे. कॉलेजात असताना त्यानं हौसेनं घेतला, मग पुण्याला नोकरी लागली आणि सगळे फोटो मोबाईलवर निघायला लागले. कॅमेरा इथं नगरच्या घरात कपाटात पडून राहिला आणि त्याच्या मूळ भिंगाला आतून बुरशी लागली. कोळिष्टकासारखी पांढरी जाळी. यंदा मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले तेव्हा म्हटलं, मी फोटो काढायला शिकते. तो म्हणाला, "शिक की. कॅमेरा ठणठणीत आहे, लेन्स तेवढी नवी घे. तुला परवडेल अशी." त्याला वाटलं, आईचा वेळ जात नाही. खरं कारण वेगळं होतं. तुमची साखर माझ्याकडे आली आहे, दादा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझ्या पडद्याचा फोटो मला दाखवला. केशरी चंद्रासारखा गोल आणि त्यावर बारीक लाल ठिपके. एका डोळ्याला लेसर झालं. "घाबरू नका, साखर सांभाळा, तपासणी चुकवू नका," असं ते म्हणाले. तुमच्या वेळी कुणी आत डोकावून बघितलंच नाही, माझं वेळेवर बघितलं, एवढा फरक. पण दवाखान्यातून बाहेर आल्यावर मला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर आता बघून घ्यावं. जे दिसतंय ते नीट बघून घ्यावं.

तुमची नजर एकदम गेली नाही. आधी पिकलेला पेरू पानांत सापडेनासा झाला, मग तुम्ही झाडाखाली उभं राहून वास घ्यायला लागलात. आम्हाला वाटलं, दादांची गंमत. मग पाटाच्या कडेला तुमचा पाय चुकला, आणि तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की उशीर झालाय. मी तेव्हा श्रीरामपूरला कॉलेजात. एसटीनं कोल्हारला उतरून घरी येते तेव्हा आई चुलीपुढं असते आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून बसलेले असता. मी पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच तुमचं सुरू, "काय बघितलंस आज?" मी म्हणते, काही नाही. "आसं कसं काय न्हाई? डोळं मिटून आलीस का यष्टीत?"

एकदा मी म्हटलं, पुलावरून मावळतीचं आभाळ फार सुंदर दिसत होतं. तुम्ही चिडलात. "सुंदर म्हंजी काय दिसलं? मी आंधळा हाय, येडा न्हाई. तू काय बघितलं ते सांग." मला रडू आलं होतं. पण तुम्ही वाट बघत बसलात, म्हणून सांगायला लागले. प्रवरेचं पाणी काठाला मातकट होतं, पण मधोमध चिंचेनं घासलेल्या तांब्याच्या घागरीसारखं. एक बाई दगडावर गोधडी धूत होती. एक म्हैस पाण्यात बसलेली, नाकपुड्या तेवढ्या वर. "म्हस किती लांब हुती?" तुम्ही विचारलंत. पुलावरून हाक मारली तर ऐकू जाईल एवढी. "आन् बाईचं तोंड दिसलं का?" नाही, पाठ दिसली. "मग बराबर. लांबचं लांब म्हनून सांगायचं, जवळचं जवळ म्हनून. न्हाईतर मला समदं एकाच जागी गोळा झाल्यासारकं वाटतं." त्या दिवसापासून मी एसटीच्या खिडकीशी जागा धरायला लागले.

आणि एकदा तुम्ही म्हणालात, "मी आता दिसतो कसा?" आईचा भाकरी थापणारा हात थांबला. मी तुमच्यासमोर बसले आणि जे होतं ते सांगितलं. केस मागं गेलेत, भुवया पांढऱ्या झाल्यात, मिशी अजून काळी आहे, डाव्या गालावर दाढीचा एक पट्टा राहून गेलाय. "आन् डोळं?" उघडेच असतात. कुणाकडं तरी बघताय असं वाटतं. "कुनाकडं?" आत्ता आईकडं. तुम्ही हसलात. "बरं हाय. सवयीनं जात आसतील." आईनं पदर डोळ्यांना लावला आणि चुलीतल्या धुराला नावं ठेवली.

तर भिंगाचं. ज्याला विचारावं तो लांब पल्ल्याचं घ्या म्हणायचा. दूरचं जवळ ओढणारं, झूम म्हणतात ते. आमच्या कॉलेजातले भूगोलाचे सर तर म्हणाले, "मॅडम, आधी माझं वापरून बघा, मग ठरवा." आणि कोवळ्या दुधीएवढं एक भिंग माझ्या हातात ठेवलं. ते घेऊन मी कोल्हारला गेले. तुमच्या लेकाकडे आता बाग निम्मीच उरली आहे, बाकी ऊस. मी थेट नदीवर गेले. दुपारभर मजा आली. पलीकडच्या काठावरचा बगळा इतका जवळ आला की त्याच्या चोचीवरचा चिखल दिसावा. हात जरा हलला की मात्र तो चौकटीतून पळायचा आणि फोटो धूसर यायचा. मग दिवस कलला. मी पुन्हा डोळा लावला, तर आत काळोख. नदी होती, पण तिच्यावर कुणी घोंगडी टाकल्यासारखी. मी डोळा चोळला, दुसरा लावला. तेच. दादा, कॅमेरा खाली करून उघड्या डोळ्यांनी बघायचं धाडस झालं नाही. घाटाच्या पायरीवर डोळे गच्च मिटून बसले. पेरूच्या झाडाखाली एकटे वास घेत उभे असायचात तेव्हा तुमच्या मनात काय चाललं असेल, ते मला त्या पायरीवर कळलं. ती गंमत नव्हती.

वहिनी मला शोधत आली. "वन्सं, हितं काय करता? चला घरी, दिवाबत्तीची येळ झाली." मी डोळे न उघडताच विचारलं, "अंधार पडलाय का गं?" ती म्हणाली, "पडाय लागलाय की." मग तिनं माझा हात धरला आणि मी डोळे उघडले. तिचं कुंकू दिसलं. "माझं तोंड दिसतंय तुला?" मी उगाच विचारलं. "दिसतंय की. लई उतारलंय. काय झालं?" मी तिला तिथंच, पायरीवर, डोळ्यांचं सगळं सांगितलं. घरात कुणालाही सांगितलेलं नव्हतं. घरी येईपर्यंत तिनं हात सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी मी नगरला कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. दुकानदार तोच सल्ला घेऊन तयार होता. "हौसेला घ्यायचं तर लांबचंच घ्या मॅडम, गावभर दाखवता येतं." मी म्हटलं, संध्याकाळी त्यात अंधार दिसतो. माझ्या डोळ्यांचा दोष असेल का?

"अहो, कुणालाही दिसतो," तो म्हणाला. "लांबच्या स्वस्त लेन्सचं तोंड बारीक. उजेड शिरायला जागाच नाही. मोठ्या तोंडाची मिळते, पण ती तुम्हाला परवडायची नाही." मग त्यानं काउंटरच्या खालच्या कप्प्यातून हे छोटं भिंग काढलं. "ही पन्नास मिलिमीटरची. तोंड मोठं, किंमत कमी. पण हिला झूम नाही. पुढं-मागं तुम्हालाच व्हावं लागतं. घरातल्या फोटोंना पस्तीसची बरी, तिच्यात जास्त मावतं, पण ती जरा महाग."

त्यानं ते कॅमेऱ्याला लावून दिलं. मी डोळा लावला आणि दुकानाच्या मागच्या बाजूला बघितलं, जिथं दिवा नव्हता. रिकामे खोके एकावर एक ठेवलेले, त्यातल्या एका खोक्यावर लाल पट्टी, आणि खालच्या खोक्यात अंग गोळा करून झोपलेलं मांजर. सगळं दिसलं. म्हणजे काल संध्याकाळचा तो काळोख भिंगाचा होता, माझा नव्हता. डॉक्टरांनी दाखवलेले ठिपके माझे आहेत, ते आहेतच, पण तो काळोख माझा नव्हता. मी तिथल्या स्टुलावर बसले आणि मला हसू फुटलं. दुकानदार गोंधळला. "मॅडम, हिच्यात पक्षी नाही यायचे हं." म्हटलं, नसू देत. हीच द्या.

त्या संध्याकाळी मी पुण्याला फोन केला आणि लेकाला लेसरपासून सगळं सांगितलं. तो रागावला. "आई, हे तू मला आत्ता सांगतेस?" थोड्या वेळानं त्याचाच फोन आला. पुढच्या तपासणीला तो येणार आहे. आणि येताना ट्रायपॉड आणतो म्हणाला, म्हणजे कॅमेरा ठेवायची तिवई.

रविवारी पुन्हा कोल्हारला गेले. हे भिंग मोठं विचित्र आहे, दादा. स्वयंपाकघर त्यात मावेना. मी मागं सरकत सरकत उंबऱ्याला लागले, तेव्हा वहिनी ओरडली, "आवं वन्सं, आजून किती मागं जाता, भाईर पडाल!" आणि पेरूच्या फार जवळ गेलं की त्याला नेमकं कुठं बघावं ते सुचत नाही, नुसतं घरघरतं. हातभर अंतर राखावं लागतं. खिडकीशी तांदूळ निवडत बसलेल्या वहिनीचा एक फोटो मात्र साधला. पापण्या एकेक मोजून घ्याव्यात अशा, नाकावर घामाचा थेंब, बोटांत एक खडा धरलेला, आणि मागचं सगळं घर दुधात विरघळल्यासारखं. तिनं तो मागच्या छोट्या पडद्यावर बघितला आणि म्हणाली, "माझं घर कुठं गेलं? पुसून टाकलं व्हय?" मी म्हटलं, मागचं धूसर येतं यात. "बरं झालं," ती म्हणाली, "पसारा तरी दिसत न्हाई."

आज हे लिहून झाल्यावर लक्षात आलं, की तुम्ही गेलात तिथला पत्ता असता तरी पत्र पाठवून उपयोग नव्हता. तुम्हाला आलेलं प्रत्येक पत्र मीच वाचून दाखवायची. म्हणून दुपारी दार लोटून घेतलं, खुर्चीत बसले आणि हे सगळं मोठ्यानं वाचलं. तुम्हाला आवडायचं तसं, सावकाश, मध्ये थांबत. फक्त जिथं जिथं माझ्या डोळ्यांचं आहे, तेवढं तुम्हाला वाचून दाखवलं नाही.