गेन पूर्ण उजवीकडे

४ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची. सामान कमी आणि उत्साह जास्त. तीन खोल्या, दोन खिडक्या, आणि स्वयंपाकघर एवढंसं की चमचा पडला तर तो उचलायला आधी बाहेर यावं लागेल. पण घर माझं एकटीचं आहे. अडतिसाव्या वर्षी प्रथमच शेजारच्या खोलीतून कुणी 'पुरे कर आता' म्हणणार नाही, या विचाराने सकाळपासून गालातल्या गालात हसतेय.

लोक नव्या घरात आधी शेगडी जोडतात, मी गिटारचा अ‍ॅम्प जोडला. आई फोनवर म्हणाली, आधी त्या डब्याला खाऊ घाल, मग तू जेव. डबा म्हणते ती त्याला, आणि ते काही खोटं नाही. एका हाताने उचलून जिना चढता येतो. काळा पत्रा, पुढे जाळी, जाळीमागे स्पीकर, आणि पाठीमागे जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह. चालू केला की जरा वेळ गप्प बसतो. व्हॉल्व्ह तापून नारिंगी झाले की मग बोलायला लागतो. पुढच्या बाजूला गेनचं बटण आहे. डावीकडे असेल तर गिटार शहाण्या मुलीसारखी वाजते. उजवीकडे नेलं की तारेला नुसतं बोट घासलं तरी त्याची किंकाळी होऊन बाहेर येते. बारीकसारीक काही म्हणून सोडत नाही तो. मी दिवसभर मान खाली घालून लोकांच्या कवळ्या घासणारी बाई, मला संध्याकाळी हे ओरडणं लागतं.

उद्यापासून कवळ्यांची नवी लॅब. साहेब बरे वाटले. निदान स्वतःचे दात तरी धड आहेत त्यांचे.

७ नोव्हेंबर, गुरुवार

खालच्या मजल्यावरचे काका भेटायला वर आले. मला वाटलं, झालं, आली तक्रार. उंच, वाकलेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी दुसऱ्या गावी. आल्या आल्या म्हणाले की काल संध्याकाळी वर कुणी रेडा बांधलाय का हे बघायला आलोय. मी अ‍ॅम्प दाखवला. एवढ्याशा डब्यातून एवढा आवाज निघतो यावर त्यांचा विश्वासच बसेना. मग माझं बारसंच केलं त्यांनी, भोंगेबाई म्हणून.

आमचा करार झाला. लॅबमधून आल्यावर मी वाजवायचं, आणि अती झालं की काकांनी झाडूच्या दांड्याने छतावर दोनदा ठोकायचं. मी लगेच आवाज कमी करायचा. भांडण नाही, जिने चढणं नाही.

बोलताना त्यांची कवळी टकटक वाजत होती. खालची बाजू ढिली आहे. मला धंद्याची खोड, मी त्यांच्या डोळ्यांकडे बघायचं सोडून तोंडाकडेच बघत बसले.

११ नोव्हेंबर, सोमवार

काकांच्या झाडूला जरा जास्तच काम मिळायला लागलंय. आज गिटार नुसती जुळवत होते, तर ठक ठक. कमी केलं. परत ठक ठक. शेवटी तणतणत खाली गेले, तर दार उघडंच, टेबलावर दोन कप चहा. म्हणाले, आवाजाचं काही नव्हतं गं, कंटाळा आला होता, आणि हाका मारण्यापेक्षा ठोकणं सोपं पडतं.

माझ्या नाकावर राग असतो हे आईही सांगेल. चहा प्यायले, पण तोंड फुगवून. वर म्हटलंच, काका, उद्या खरंच काही काम असेल तेव्हा मला कसं कळणार? ते हसले. म्हणाले, कळेल की.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

कवळी घेऊन आले आज त्यांची. हिरडी घासून लाल झाली होती, बघवेना. आतून नवा थर दिला की घट्ट बसेल, एका दिवसाचं काम. काका द्यायला तयारच नव्हते. दातांशिवाय आपलं बोलणं आपल्यालाच कळत नाही म्हणाले, तेही तोंडावर हात धरून. मी छातीठोकपणे सांगितलं की उद्या संध्याकाळी हातात देते.

१६ नोव्हेंबर, शनिवार

कवळी कालच तयार झाली. छान बसेल. पर्समधून काढून अ‍ॅम्पवर ठेवली, वाजवायला बसले आणि विसरले. आज सकाळी जिन्यात काकांनी खुणेनेच विचारलं. मी घाईत होते, म्हटलं, उद्या नक्की. बिचारे दोन दिवस सूप पितायत. उद्या रविवार आहे, सकाळी उठल्या उठल्या देईन.

१७ नोव्हेंबर, रविवार

काय दिवस. माझ्या जुन्या बँडमधल्या ड्रमवाल्याला आज एक तुकडा रेकॉर्ड करून पाठवायचा होता. दुपारी बसले. सूर लागला, हात मोकळा झाला, आणि खालून ठोकणं सुरू. आज तर छतावर नाही, स्वयंपाकघरातून वर येणाऱ्या नळाच्या पाइपवर. तो आवाज सगळ्या घरात घुमतो. आवाज कमी केला, थांबले. परत ठोकलं. पुन्हा रेकॉर्डिंग, पुन्हा ठोकणं, पुन्हा सगळ्यावर पाणी. चहाला यायला वेळ नाही हो काका, असं मी फरशीकडे बघून ओरडलेसुद्धा.

मग डोकंच फिरलं. गेन पूर्ण उजवीकडे नेला. ठोका म्हटलं, किती ठोकायचं ते. मधेच काहीतरी पुटपुटल्यासारखंही आलं खालून, पण त्या गदारोळात कोण ऐकतंय. हळूहळू ठोकणं थांबलं. तुकडा मात्र असा काही उतरला की इतकं चांगलं मी कधी वाजवलंच नव्हतं.

कवळी राहिलीच. रागात होते, उद्या देईन.

१८ नोव्हेंबर, सोमवार

काकांना दवाखान्यात नेलं. मुलीचा फोन ते उचलेनात म्हणून तिने कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला पाठवलं, त्याने दार फोडवलं. स्वयंपाकघरात पडले होते. डोकं ओट्याच्या कडेला लागलेलं. हातात झाडू, दांडा पाइपला टेकलेला. कालपासून तसेच.

मी लॅबमधून आले तेव्हा जिन्यात इस्त्रीवाला हे सांगत उभा होता. मी ऐकून घेतलं आणि वर आले. अ‍ॅम्पवर कवळी होती.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

काका गेले.

डॉक्टर मुलीला म्हणाले, लवकर आणलं असतं तर वाचण्याची आशा होती. मी शेजारीच उभी होते. तिने मला विचारलं की ताई, रविवारी तुम्हाला काही ऐकू आलं नाही का. मी म्हटलं, नाही, मी कानाला हेडफोन लावून बसले होते.

किती सहज आलं तोंडातून. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, तुमचा काय दोष.

२० नोव्हेंबर, बुधवार

आज मी जे केलं ते इथे लिहितेय, कारण दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही. मुलीने किल्ली देऊन मला खालून काकांची कागदपत्रं आणायला पाठवलं. मी कवळी ओढणीत लपवून नेली आणि बेसिनपाशी त्यांच्या वाटीत ठेवली. वाटीत पाणी घालायलाही विसरले नाही.

संध्याकाळी तिला ती दिसली. वाटी छातीशी धरून रडली ती. म्हणाली, बाबा कवळी काढून ठेवून पडले असणार, म्हणून त्यांची हाक कुणाला कळली नाही. म्हणाली, कवळी टोचते असं ते सांगत होते, मीच लक्ष दिलं नाही. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मला माझ्याच हाताची किळस आली.

२४ नोव्हेंबर, रविवार

आठवड्याने अ‍ॅम्प लावला. गिटार जोडलीसुद्धा नव्हती. व्हॉल्व्ह तापले, नेहमीची घरघर आली, आणि त्या घरघरीत ठक ठक. थांबून, परत ठक ठक.

खाली मुलगी आवरासावर करत असेल म्हणून जिन्यात जाऊन बघितलं. दाराला कुलूप होतं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

लॅब बुडवून अ‍ॅम्प दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने पाठीमागून उघडला, पेन्सिलीने एकेका व्हॉल्व्हला टिचकी मारली. एका व्हॉल्व्हवर मारली तशी ती टिचकी स्पीकरमधून घणासारखी आली. म्हणाला, व्हॉल्व्ह जुना झाला की आतले तुकडे सैल होतात, मग तो खोलीतला प्रत्येक हादरा ऐकायला लागतो. घाबरण्यासारखं काही नाही, बदलून टाकू. त्याने बदलला. मी त्याचे इतके आभार मानले की तो ओशाळला.

घरी येऊन लावला. घरघर. नुसती घरघर. खूप दिवसांनी पोटभर जेवले.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

व्हॉल्व्ह नवा आहे. ठोकणं तेच.

गेन डावीकडे नेला की ते बारीक होतं पण जात नाही. उजवीकडे नेला की त्याच्यामागे एक तोंड असतं. दात नसलेलं तोंड. ओठ मिटल्याचा, उघडल्याचा ओला आवाज. मी आयुष्यभर अशीच तोंडं बघत आले, मला चुकून कळलं असं नाही.

त्या रविवारचं रेकॉर्डिंग लावून बघितलं. इतके दिवस धीर नव्हता. माझ्या वाजवण्याखाली, अगदी तळाला, ते आहे. मला वाटलं होतं की काका वैतागून पुटपुटतायत. ते वैतागलेले नव्हते. भोंगेबाई, ये गं. भोंगेबाई, ये गं. आणि दरवेळी त्यांनी हाक मारली की मी आणखी जोरात वाजवलंय.

पुसून टाकलं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

मुलगी घर रिकामं करेपर्यंत खालीच राहणार आहे. मला जेवायला बोलावलं. बाबा फोनवर सारखं तुमच्याबद्दल सांगायचे म्हणाली, वर माणूस आहे, आता मला धीर आहे, असं म्हणायचे.

मग म्हणाली, ताई, छान वाजवता तुम्ही, काल दुपारभर ऐकत होते.

काल दुपारी मी लॅबमध्ये होते.

३० नोव्हेंबर, शनिवार

प्लग काढला. वायर गुंडाळून कपाटात टाकली. तरी व्हॉल्व्ह गरम आहेत. हात लावून बघितला, पोळला.

मुलगी वर आली होती. उद्या दुपारी माळ्यावरचं सामान काढायचंय, स्टूल डुगडुगतं, धरायला याल का विचारत होती. येते म्हटलं. तेव्हाच सांगणार आहे तिला. ठोकणं, कवळी, हेडफोन, सगळं. ती थुंकली माझ्यावर तरी चालेल. हे असं जगवत नाही.

१ डिसेंबर, रविवार

दुपार. जायची वेळ झालीय. काय बोलायचं ते आधी इथे लिहून काढावं म्हणून बसले. पहिलं वाक्यच सुचत नाहीये. मी त्या दिवशी ऐकलं होतं. एवढंच म्हणायचं. मी ऐकलं होतं —

खाली काहीतरी पडलं. जड. घर हादरलं.

थांबली नाही ती माझ्यासाठी —

आता ठक ठक. पाइपवर. नाही, हे अ‍ॅम्पमधलं आहे, मला माहीत आहे हे. रोजचंच आहे. लक्ष द्यायचं नाही.

ठक ठक.

अ‍ॅम्प गप्प आहे. जाळीला कान लावला. गप्प आहे. हे खालून येतंय.

ताई म्हणतेय. काका भोंगेबाई म्हणायचे. ही ताई म्हणतेय, स्वच्छ, सगळे दात असलेल्या तोंडाने. तीच आहे. पडली आहे. जाते —

वाजायला लागलं. माझंच वाजवणं, त्या रविवारचं, पुसलेलं. वायर कपाटात आहे आणि हे वाजतंय. तिची हाक बुडतेय त्यात. वाढतंय —

गेनचं बटण फिरतंय म्हणून वाढतंय. मी फिरवलं नाही, मी इथे लिहितेय, उजव्या हाताने —

डावा हात बटणावर आहे. माझा. कधी ठेवला —

सुटत नाही. ओढतेय, सुटत नाही, आणि पेनही सुटत नाही. आले गं, बाई, आले, ऐकतेय मी, ऐकतेय, हा हात एवढा —

ठोकणं हळू झालं. अजून आहे. अजून एकदा. बटण आता पूर्ण उज