माझ्या खुब्यातला सांधा

मी, श्रीमती सुमित्राबाई श्यामलाल बिसेन, वय ७१, निवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार मुर्री, जि. गोंदिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. अक्कल शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण माझे दीर दुलीचंद यांना ती कधीच दिसली नाही.

१. माझ्या डाव्या खुब्यात टायटेनियमचा सांधा आहे. त्यावर हाडात असतं त्याच खनिजाचा लेप आहे. अशा लेपावर हाडाच्या पेशी चिकटतात आणि नवं हाड बांधतात. मी काठीविना चालते, म्हणजे बांधलं असावं. पण नुसत्या "असावं"वर मला मरायचं नाही. दहनाआधी तो सांधा भोवतीच्या हाडासकट काढून नागपूरच्या प्रयोगशाळेत द्यावा. तिथे दुलीचंद यांची मुलगी भूमिका याच पेशींचा अभ्यास करते. मी गेल्यावर पहिला फोन तिला करावा, रडणाऱ्यांना नंतर.

२. दुलीचंद विरोध करतील. "वयनी, अधुरं शरीर जाळलं त आत्मा भटकते," हे बोलूनही झालं आहे. आत्म्याला खुबा लागत असेल तर त्यांनी स्वतःचा द्यावा.

३. पुतण्या उमेंद्र माझ्या लोखंडी कपाटाचं माप घेऊन गेला आहे. कपाट त्याला. किल्ली नाही.

४. माझे पती श्यामलाल यांच्या खुब्यात लेप नसलेला, गुळगुळीत सांधा होता. हाडाने तो धरलाच नाही, असं डॉक्टर म्हणाले. ते कण्हायचे तेव्हा दुलीचंद म्हणायचे, "भाऊ नाटक करून राहिला." राख सावडताना तो झिजलेला सांधा मी मागितला, सगळ्यांना दाखवायला. दुलीचंदनी तो अस्थींसोबत दुधाने धुतला आणि वैनगंगेत सोडला. जिवंत भावाला पाणी विचारलं नाही, आणि त्याच्या धातूला दूध! तो राग अजून गेलेला नाही.

५. मुर्रीचं घर भूमिकेला. पुढच्या दोन खोल्यांत राहणारे दुलीचंद तिथे एका अटीवर राहू शकतात. भूमिकेने माझ्या हाडाचा काप मायक्रोस्कोपखाली ठेवून बापाला दाखवावा. हाड धातूला कसं धरतं ते दिसलं, की भावाच्या खुब्यात काय झालं नव्हतं तेही कळेल. मग त्यांनी श्यामलालच्या फोटोसमोर, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणावं, "भाऊ, तुले खरंच दुखत होतं."

हे सगळं साक्षीदारांसमोर वाचून, रागासकट कबूल करून सही केली.

सही: सुमित्राबाई बिसेन
साक्षीदार: १. पुष्पाबाई पटले २. मनिराम रहांगडाले
मुर्री, १२ मार्च २०१३