मोठ्याचे शर्ट

३ जुलै
आलो एकदाचा. हॉस्टेलच्या ढेकणांना रामराम. काडीचं घर कॉलेजपासून दहा मिनिटांवर. खाली त्याच्या बाबांचं शिंपीकामाचं दुकान, वर तीन खोल्या. वर्गात त्याला सगळे काडी म्हणतात, घरात धाकटा. दोन वर्षं आम्ही कॉलेजच्या जिन्याखाली चोरासारखे भेटलो. आता एक खोली, एक दार, आतून कडी. दुसरी खाट त्याच्या मोठ्या भावाची. पाच वर्षांपूर्वी काडी खाणीच्या पाण्यात घसरला. मोठ्यानं उडी मारून त्याला वर ढकललं. स्वतः वर आला नाही. हे काडीनं मला ओळखीच्या पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. रडला नव्हता.

९ जुलै
काडीच्या आईनं, काकूंनी, माझे कपडे भिजत घातले आणि मोठ्याचा शर्ट दिला. खांद्यात ढगळ, बाह्या बोटांपर्यंत. काकांनी टेप लावली, मापांची जुनी वही मोठ्याच्या पानावर उघडली, आणि शर्ट तसाच परत दिला. म्हणाले, अजून दीड इंच. मी म्हटलं, काका, कात्री चालवा की. काडी म्हणाला, आमची गिऱ्हाइकं उगीच नाही पळत.

१५ जुलै
शेजारच्या मावशींनी सगळ्यांसमोर विचारलं, एवढे घोडे झालात, कडी लावून करता काय? काडी पांढरा पडला. मग म्हणाला, हा मला दादासारखा आहे. मावशींचे डोळे भरले. काकूंचेही. खोलीत येऊन आम्ही पोट धरून हसलो. युक्ती त्याची, पण मीही हो म्हटलं. चारचौघांत मी आता दादा.

२८ जुलै
दाराची कडीच काढून टाकली. काकू म्हणाल्या, भावाभावांत कसली कडी. काडी खोलीतही दादा म्हणतो. सवय मोडायला नको, म्हणाला. बाह्या मनगटाशी आल्या आहेत. शर्ट धुऊन आटला असेल. पाच वर्षं जुन्या कपड्याला आता काय आटायचं राहिलं असेल, कुणास ठाऊक.

६ ऑगस्ट
खांदे बरोबर बसले. काकांनी टेप लावली, वहीत पाहिलं, मान डोलावली. जगात कपडा माणसाला बसवतात. इथे उलटं. मी माझा स्वतःचा शर्ट घालून पाहिला. काखेत उसवला.

११ ऑगस्ट
काडीचा हात धरला. त्यानं तो हळूच सोडवून घेतला. म्हणाला, काय झालं दादा. मी जिन्याखालच्या पहिल्या दुपारची आठवण काढली. त्यानं सगळं नीट ऐकलं. मग विचारलं, तो मुलगा कोण होता.

१३ ऑगस्ट
बॅग भरली. तो दारात आडवा उभा. पुन्हा सोडून जाणार — तू गेलास तेव्हा आई वर्षभर माझ्याशी बोलली नव्हती, म्हणाला. रडत होता. मी कपडे बॅगेतून काढून ठेवले. माझ्यासाठी तो असा रडला नसता.

१७ ऑगस्ट
आरशात — मान, खांदे माझे नाहीत. काकू ताट वाढताना म्हणाल्या, आलास बाबा सुखरूप. शर्ट ओला आहे. धुतलेला नाही. अंगावरच भिजला, खाणीच्या पाण्यासारखा गार —

१८ ऑगस्ट
सकाळ. त्यानं खालून हाक मारली. मी ओ दिली. आवाज माझा नव्हता.

तो जिना चढतो आहे. आता सांगतोच त्याला. मी तुझा भाऊ नाही. मी तुझा —