विहीणबाई सरळ विचारतात

५ जानेवारी
अथेन्सहून नेहाचा व्हिडिओ कॉल. शेजारी तिचा तो थानासिस आणि त्याची आई, इव्हान्थिया. पोरीच्या लग्नाची बोलणी, म्हणून मी इस्त्रीचा शर्ट घातलेला. खाली लुंगी! ओळख झाल्यावर पंजा उघडून भारदस्त आशीर्वाद दिला. बाईंचा चेहरा पडला. नेहा ओरडली, "बाबा, हात खाली!" त्यांच्याकडे असा उघडा पंजा दाखवणं म्हणजे शिवी. म्हणजे मी विहिणीला पहिल्याच भेटीत शिवी दिली — तीही हसत हसत. मग जावयालाही दिली.

६ जानेवारी
नेहाची आई हंसा माझ्याशी बोलत नाहीये.

१४ जानेवारी
बाईंनी माफ केलं म्हणे. पण मुलीचं घर बघितल्याशिवाय होकार नाही. पुढच्या महिन्यात तिघं भाईंदरला येतायत! मी मोबाईलवर अभ्यास करतोय. 'हो'ला म्हणतात 'ने'. 'नाही' असेल तर मान वर करून नुसतं "च्". अख्ख्या सोसायटीला शिकवून झालं. आज जितेशभाईंनी मला लिफ्टमध्ये बघितलं आणि जिना धरला.

९ फेब्रुवारी
आले! मी नमस्काराला हात जोडले, तर बाईंनी मला धरून दोन्ही गालांचे मुके घेतले. जोडलेले हात मध्येच चेंगरले. मग साडीतल्या नेहाकडे बघून — "फ्तू, फ्तू, फ्तू!" हंसा पांढरीफटक. नेहा म्हणाली, "अगं आई, दृष्ट लागू नये म्हणून थुंकतात!" हंसा आत गेली ती मीठ-मोहरी घेऊनच आली. दोघींचं जमलं. मला कुणी विचारेना.

१० फेब्रुवारी
जेवायला चौकच्या कोळीवाड्यातून आणलेली सुरमई. हंसाने खुणेने विचारलं, आणखी वाढू? बाई खूश होऊन म्हणाल्या, "ने!" हंसाने ताट नेलं!! बाईंचा हात तसाच हवेत. आणि मी, सोसायटीचा ग्रीकतज्ज्ञ, काटे काढत बसलेलो.

ताट परत आलं, हसणं झालं. मग बाईंनी माझ्याकडे बोट केलं. नेहा जरा चाचरत म्हणाली, "बाबा, त्या विचारतायत, फोटोत तुम्ही चांगले जाडे होतात. एवढे कशाने वाळलात? डॉक्टरकडे गेलात का?"

सगळ्यांसमोर! मी म्हटलं, डाएट.

"च्." मान वर.

तिकडे आपल्या माणसाला असंच तोंडावर विचारतात म्हणे. असतील विचारत! पाहुण्याने असं विचारायचं? रागाने भात मागून घेतला. संपला नाही.

११ फेब्रुवारी
बाईंनी मला रिक्षात कोंबलं. एकीकडे त्या, एकीकडे हंसा. दवाखाना येईपर्यंत मी, साठीचा घोडा, गाल फुगवून बसलेलो.

१९ फेब्रुवारी
आतड्यात गाठ. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, काढता येईल. सोमवारी ऑपरेशन. बाईंनी परतीचं तिकीट पुढे ढकललंय. लग्नाला होकार दिलाय.

हंसा आत्ता सांगते, मी वाळत चाललोय हे तिला दिवाळीतच दिसलं होतं. विचारायला घाबरत होती. मला.