पाण्याचा गिलास हातात जाईपर्यंत

माय, आज सकाळी आपल्या जैनथच्या देवळात सूर्याची किरणं देवाच्या पायांवर आली, आणि ती पाहायला उभ्या असलेल्या गर्दीत इंद्रवेल्लीकडच्या तुझ्या गोंड मैत्रिणीच्या गावातल्या बाया होत्या. काळ्या दगडाच्या खांबाला हात लावून त्या उभ्या होत्या आणि त्यांच्या मागं हैदराबादचे पाहुणे. पाहुण्यांना त्यांनी आणलं होतं, आम्ही नाही. हे तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना, म्हणून दुपारची खरकटी भांडी तशीच टाकून लिहायला बसले आहे. तुला वाचता येत नव्हतं, हे मी विसरलेली नाही. तू असतीस तरी पत्र मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तू अर्ध्यातून उठून चुलीवरची डाळ बघायला गेली असतीस.

तुला तुझी ती खोड आठवते का? तू देवळाच्या दारात वांगी, मिरच्या आणि झेंडूची फुलं घेऊन बसायचीस. आश्विनातल्या त्या सकाळी लांबलांबून माणसं यायची, किरणं बघायची आणि पहिल्या बसनं परत जायची. पण त्यातल्या कुणी तुला पुढची वाट विचारली की संपलंच. बाकीच्या बाया बसल्या जागेवरून हात करून दिशा दाखवायच्या. तू टोपलीवर ओलं गोणपाट टाकायचीस, पदर खोचायचीस आणि त्या माणसासोबत निघायचीस. नुसतं वळणापर्यंत किंवा स्टँडपर्यंत नाही, तर थेट पुढच्या माणसाच्या उंबऱ्यापर्यंत. काकू हसायची. ‘हिला सरकारनं पाहुणे पोचवायची नोकरी देली वाटते,’ म्हणायची. बाबा चिडायचे, कारण त्या दिवसाची भाजी सुकायची. गावात दुसरं कुणीही असं करत नव्हतं, आणि मला तुझी लाज वाटायची, हे मी तुला तेव्हाही तोंडावर सांगितलं होतं.

नांदेडकडचे ते म्हातारा-म्हातारी आले होते, तो दिवस माझ्या डोळ्यांसमोर आहे. आजी देवळाच्या पायरीवर बसली आहे, चपलेचा अंगठा तुटला आहे, आणि ती विचारते आहे की केसलापूरच्या नागोबाला कसं जायचं. तू माझा हात धरतेस. बाबा मागून ओरडतात, ‘अवं, बस दाखवली असती त भागलं नसतं का?’ तू वळूनही बघत नाहीस. ‘बसपाशी त कोनी बी सोडते,’ म्हणतेस. आदिलाबादला आपण उटनूरची बस धरतो. खिडकीतून कापसाची शेतं मागं पडतात, मग सागाचं रान लागतं. पोलिसांच्या गोळीबारात गेलेल्या गोंडांच्या आठवणीचा इंद्रवेल्लीचा स्तूप दिसतो तेव्हा तू बोलणं थांबवतेस आणि हात जोडतेस. मी विचारते तर ‘मंग सांगीन’ म्हणतेस. मग केसलापूरच्या अलीकडच्या त्या गोंडांच्या गावात आपण उतरतो, तुझ्या मैत्रिणीच्या, म्हणजे माझ्या मावशीच्या अंगणात. एका वर्षी नागोबाच्या जत्रेत मिरच्या विकताना तुला ताप भरला होता आणि तिनं तुला घरी नेऊन निजवलं होतं, तेव्हापासूनची तुमची ओळख. मावशी पाय धुवायला पाणी देते. आजी बाजेवर टेकते. आता झालं, असं समजून मी उठते, तर तू माझी वेणी धरून मला खाली बसवतेस. ‘बस खाली! पान्याचा गिलास हातात गेला नाही अजून. पानी हातात गेलं का मंग ते पाहुणे तिचे. तोवर आपले.’ मावशी आतून पितळी गिलास घेऊन येते, आजी तो दोन्ही हातांनी धरते, आणि मगच तू उठतेस. परतीच्या बसमध्ये माझ्या वेणीची मुळं दुखत होती आणि मी तुझ्याशी बोलले नाही.

आता माझं ऐक. मी इथल्या बायांच्या संघमची अध्यक्ष आहे, म्हणजे सगळ्यांची भांडणं माझ्या अंगणात येतात. किरणं बघायला येणाऱ्यांसाठी आम्ही भाकरी आणि वांग्याची भाजी करतो, आणि मला एक गोष्ट फार दिवस खुपत होती. माणसं एक जागा बघतात आणि पळतात. देऊळ बघणाऱ्याला बेला गावाच्या वाटेवरची जुनी दगडी बारव माहीत नसते. बारवेत उतरणाऱ्याला केसलापूरकडचे ढोल आणि दिवाळीतल्या गुसाडी नाचाच्या मोरपिसांच्या टोप्या माहीत नसतात. आणि आम्ही तिघंही आपापल्या दारात उभे राहून ‘आमच्याकडं कुणी येत नाही’ म्हणून रडतो. मी म्हटलं, तिघांनी मिळून एक फेरी करू. जो आपल्याकडं येईल त्याला दुसऱ्याकडं पाठवू. मी एकटीनं फिरून सगळ्यांना तयार केलं. बारव सांभाळणारे म्हातारे मास्तर अडून बसले होते, कारण फेरी त्यांच्या बारवेपासून सुरू व्हावी असं त्यांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, ‘मास्तर, फेरी गोल असते, तुमी कुठूनबी सुरू समजा.’ त्यावर ते खूश झाले. मावशी आता खूप थकली आहे, पण तिच्या गावात तिचा शब्द चालतो. तिनं मला नीट बघितलं आणि एवढंच म्हणाली, ‘तुया मायची पोरगी हायेस, नाही कशी म्हनू.’

आधी आम्ही पाट्या लावल्या. निळ्या पाट्या, त्यांवर बाण, खाली तिन्ही जागांची नावं मराठीत, तेलुगूत आणि इंग्रजीत. नारळ फोडले, फोटो काढले. मग पाऊसकाळ गेला, हिवाळा गेला, आणि पाट्यांचा उपयोग केला तो फक्त शेळ्यांनी, अंग घासायला. पाटी बघून आमच्या देवळातून बारवेकडं एक माणूस गेला नाही. मला राग आला. एवढा खर्च, एवढं रंगकाम! मग मी ठरवलं की गाडीच लावायची, आणि पाहुण्यांना गाडीत बसवूनच पुढं पाठवायचं.

पहिल्याच गटाच्या वेळी मी चूक केली. गेल्या वर्षीची किरणांची सकाळ होती, देवळात पाय ठेवायला जागा नव्हती, भाकऱ्या कमी पडत होत्या. मी पाहुण्यांना गाडीत बसवलं, ड्रायव्हरला गाव सांगितलं, मावशीकडं फोन लावून ‘निघाले हं’ म्हटलं आणि परत तव्याकडं वळले. तिकडं मावशीच्या गावात बायांनी पहाटेपासून अंगणं सारवली होती. ढोल काढून ठेवले होते. गाडी आली, पाहुणे उतरले, आणि बाया गाडीकडं बघत राहिल्या. आमच्यापैकी कुणीच उतरलं नाही. ड्रायव्हर गाडीतच बसून मोबाइल बघत होता. मग एकही बाई पुढं आली नाही. कुणी पाणी दिलं नाही, कुणी ढोलाला हात लावला नाही. पाहुणे अंगणात उभे राहिले, बंद दारांचे फोटो काढले आणि निघून गेले. संध्याकाळी तिकडून फोन आला. मावशीनं सांगायला लावलं होतं की आता आम्ही या फेरीत नाही.

माय, तेव्हा मात्र मी घाबरले. फेरी मोडली असती तर मास्तरांनी ‘मी म्हटलंच होतं’ म्हटलं असतं, ते मी ऐकून घेतलं असतं. पण मावशीचं घर तू जोडलं होतंस. तुझ्या मागं जे थोडं माझ्याकडं उरलं आहे, त्यात ते घर आहे. गाडीच्या घाईत मी ते घालवणार होते.

दुसऱ्या दिवशी मी गाडी केली नाही. बसनं गेले, तू जायचीस तशी, पिशवीत आपल्या मळ्यातली वांगी घेऊन. मावशी ओट्यावर बसली होती. मला बघून तिनं तोंड फिरवलं. मी जाऊन खाली बसले. मग ती म्हणाली, ‘आमाले काय समजावं? पाहुणे आले का माल आला? डायवरनं उतरून देल्ले, जसे कापसाचे गाठोडे.’

‘मावशी, मी फोन केला होता.’

‘फोन त बँकेचा बी येते,’ ती म्हणाली. ‘तू काऊन नाही आली? तुई माय इथं बसे, ह्या ओट्यावर. मी पानी देत नाही तोवर उठत नोती. म्हनून तिचे पाहुणे माये होत. तुये पाहुणे कोनाचे होते, सांग.’

मी तुझ्यासारखीच ओट्यावर बसून राहिले. घरात जायचं नाही आणि उठायचंही नाही, असं मनाशी ठरवलं. ऊन अंगणाच्या या टोकाहून त्या टोकाला गेलं. मावशी आत गेली, बाहेर आली, शेंगा सोलत बसली. मग एकदम उठली आणि पाणी घेऊन आली. माय, तोच पितळी गिलास होता, काठाला पोचा आलेला. तिनं तो माझ्या हातात दिला आणि मला रडूच फुटलं. ‘पी गुमान,’ ती म्हणाली. ‘यापुढं तुयी बाई पाहुण्याबरोबर इथं येईन. अन् इथून पाहुणे निघतीन तवा आमची बाई त्याईच्या संग जाईन. आमाले का पाय नाहीत? आमी कवा तुमचं देऊळ पाह्यलं?’

ही गोष्ट माझ्या डोक्यात कधीच आली नव्हती. पाहुण्यांना आम्ही तिन्ही जागा दाखवायला निघालो होतो, आणि आमच्या बायांनीच एकमेकींच्या जागा बघितल्या नव्हत्या. आता पाट्या आहेत तिथं आहेत, शेळ्या खूश आहेत. पण फेरी चालते ती बायांच्या पायांनी. आमची बाई पाहुण्यांना बारवेवर नेते आणि मास्तर पाणी देईपर्यंत तिथून हलत नाही. मास्तर आधी ‘हे काय नाटक’ म्हणत होते. आता ते स्टीलचे गिलास राखेनं घासून, उन्हात उपडे घालून तयार बसलेले असतात, आणि कुणी नको म्हटलं तर रागावतात. बारवेवरून त्यांची सून पाहुण्यांना मावशीच्या गावात नेते. तिथून त्यांच्या बाया देवळात येतात. कालच्या मुक्कामाला त्या माझ्या घरी होत्या. तुझ्या चुलीच्या जागी आता गॅस आहे, पण भाकऱ्या थापायला आम्ही सगळ्या खालीच बसलो, आणि त्यांच्यातल्या एकीनं अशी पातळ भाकरी थापली की आमच्या बायांनी आपल्या भाकऱ्या मोडून पुन्हा थापायला घेतल्या. आज सकाळी किरणं पायांवर आली तेव्हा त्यांनी गोंडीत काहीतरी म्हटलं. मी अर्थ विचारला नाही, तुझ्यासारखे हात जोडले. मावशीला एवढा प्रवास झेपत नाही, म्हणून तिनं तो गिलास बायांबरोबर पाठवला होता. पुढच्या गटाला पहिलं पाणी त्यातच द्यायचं, असा निरोप होता.

तू गेल्याला इतकी वर्षं झाली तरी मी तुला बढाई मारून दाखवते आहे, हे मला दिसतं. मारू दे. काम चांगलं झालं आहे. आजचे पाहुणे आणखी एक दिवस थांबले आहेत, आणि पुढच्या महिन्यात बेल्याची माणसं पहिल्यांदा नागोबाला जाणार आहेत, पाहुणे म्हणून.

आता एक गोष्ट सांगायची राहिली आहे. देवळाच्या दारात आज एका मुलीनं मला विचारलं, ‘आंटी, ये पानी देने का रिवाज कितना पुराना है?’ मी छाती पुढं काढून सांगितलं की फार पुराना, आमच्या पणजीच्याही आधीपासूनचा, या पूर्ण मुलखाचा. मी प्रत्येक गटाला हेच सांगते. मास्तरांनी तर आता त्यात निजामाच्या काळातला कुणी तहसीलदारही घातला आहे, म्हणे तोही इथं पाणी पिऊन गेला होता. मावशीला हे कळलं तेव्हा ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, कारण तिला खरं माहीत आहे. आणि नंतर आलेल्या पाहुण्यांना तिनंही बिनदिक्कत तेच सांगितलं.

माय, हा कुठला रिवाज नव्हता. ही तुझ्या एकटीची खोड होती, आणि ती तुझ्यासोबत गेली होती. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून इथं खरं लिहून ठेवते. मी लोकांना खोटं सांगते ते फेरी मोठी दिसावी म्हणून नाही. एकदा खरं सांगायला गेले होते. ‘मेरी माँ’ एवढं म्हटलं आणि पुढं बोलताच आलं नाही.