रोननचं धोंड्याचं जेवण

स्कारबरो,
९ जून २०२६

चि. जयदीप,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुम्ही सगळे बरे असाल. आमच्याकडे ह्यांचा गुडघा तसाच आहे, बाकी ठीक. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हा कागद. रिचमंड हिलला येऊन तुझ्या मेलबॉक्समध्ये टाकून जाईन. बेल वाजवणार नाही.

अधिक महिना संपत आला, म्हणून रविवारी ईशानी आणि रोननला धोंड्याच्या जेवणाला बोलावलं होतं. आयर्लंडमधल्या लिमरिकचा असला तरी जावई तो जावई. बेसमेंटमधून चांदीचं निरांजन वर आणलं, अनारसे घरी केले. पहिले काही तुपात विरघळले, बाकीचे छान जाळीदार झाले. तू टीमची मीटिंग आहे म्हणालास.

रोननचा रग्बीचा खेळ तू माझ्याहून जवळून पाहिलास. शाळा संपते न संपते तोच तिथल्या प्रांताच्या संघाने त्याला पगारावर घेतलं. आयर्लंडच्या संघात एकदाच निवडला गेला, आणि ती मॅचही त्याने बाकावर बसून पाहिली. मग खांदा गेला, मग इंग्लंडमधला क्लब, आणि शेवटी टोरंटोतला हा, जिथे तू डॉक्टर. तूच त्याला आमच्याकडे जेवायला आणलंस. लग्नात ईशानीला अंतरपाटापाशी तूच घेऊन आलास, मामा म्हणून.

रविवारी मी रोननला ओवाळायला लागले तर त्याने मान फिरवली. "सॉरी आई, द लाइट," म्हणाला. गेल्या महिन्यात मॅचमध्ये कुणाचा तरी गुडघा त्याच्या डोक्याला लागला, तेव्हापासून त्याला उजेड सोसत नाही. ज्योत लांब धरून ओवाळलं.

जेवताना त्याने त्याच्या पहिल्या मॅचची गोष्ट सांगितली. चिखलात बूट रुतला आणि तो एका बुटाने धावला, ती. आम्ही हसलो. दुसरा धोंडा वाढला तर त्याने तीच गोष्ट पुन्हा सांगितली. तेच शब्द, हसलाही तिथेच. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. ईशानी ताटात बघत राहिली. तिला सवय झाली आहे, जयदीप.

मी विचारलं, अरे, मग तुला खेळू कसे देतात? त्याने अगदी कौतुकाने सांगितलं. सीझनच्या आधी सगळे धडधाकट असताना एक चाचणी घेतात, शब्द वाचून दाखवतात आणि परत म्हणायला लावतात. त्यात मुद्दाम विसरायचं. मग डोक्याला मार लागल्यावर खरोखर विसरलं, तरी दोन्ही निकाल सारखेच येतात.

"एव्हरीबडी डझ इट, आई. जयदीप मामा शोड मी हाउ."

हातातलं तूप तिथेच ठेवून मी वॉशरूममध्ये गेले. ओकारी आली मला. त्या स्टेडियमची मला पहिल्यापासून शिसारी आहे. माणूस आडवा पडतो, तोच मार मोठ्या पडद्यावर पुन्हा पुन्हा दाखवतात, आणि लोक बिअर उंचावतात. पण ते परके. तू घरातला, त्यातून डॉक्टर. कुंपणानेच शेत खाल्लं. ज्या हाताने तू आमच्याकडे अनारसे खाल्लेस, त्याची मला किळस येते. हे लिहिताना वाईट वाटेल असं वाटलं होतं, वाटत नाही.

निघताना ईशानी दारात माझा हात धरून म्हणाली, "आई, प्लीज मामाशी भांडू नकोस. सॅटर्डेची फायनल मिस झाली तर रोनन विल नेव्हर फर्गिव्ह मी."

राग धरायलासुद्धा आठवावं लागतं, हे मी तिला बोलले नाही. तुला बोलते.

शनिवारी तो खेळायला फिट आहे, अशी सही तू करणार आहेस. करू नकोस. क्लब काढून टाकेल तुला, टाकू दे. केलीस, तर भाऊबीजेला येऊ नकोस. पाट मांडलेला नसेल.

अनारसे तुझ्यासाठी वेगळे काढले होते. ते ओल्या कचऱ्याच्या ग्रीन बिनमध्ये टाकले.

वर सवयीने ताई लिहून गेले. खाली लिहीत नाही, नुसतं नाव. ते शनिवारनंतर.

कादंबरी